खाली कोनी नाई

ती बिडी विझव रे लटारू. तणसाच्या ढिगाला पाठ लावून बिडी ओढतोस, अक्कल गहाण ठेवली का? ओढायचीच असेल तर तिकडं बांधावर जा, ओढून ये, मग बस. आलास? बस आता, अन् बांधावर पाठवलं म्हणून गाल फुगवू नकोस. माजरीकडच्या एका खाणीत तर बिडी पिणाऱ्यांना बसायला अख्खी वेगळी खोली बांधली होती, काच लावून. तिचीच गोष्ट सांगतो. धानाच्या राखणीला झोप येण्यापेक्षा भीती आलेली बरी.

गोष्ट माझी नाही, कमरुद्दीनची. माजरीला आमची भिंतीला भिंत होती. माणूस खोटं बोलणारा नव्हता. खोटं बोलायला दम लागतो, अन् त्याच्या छातीत तेवढा दम उरलेलाच नव्हता.

सत्तावन साल. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदाच. पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, अन् अवस आदल्याच रात्री होऊन गेलेली. कमरुद्दीन सकाळच्या गाडीनं वरोऱ्याला काच आणायला गेला. पोळ्याच्या रात्री कोण्या शहाण्यानं मोहाची पिऊन धूरकोठीच्या काचेवर कोपर हाणलं होतं. साहेबानं सांगितलं, आजच्या आज नवी बसव. सण असो की सुतक, हुकूम तो हुकूम.

धूरकोठी म्हणजे काय ते आधी ऐका. खाणीच्या तोंडाशी टिनाची एक लांब पडवी होती. पाळीच्या आधी अन् पाळी सुटल्यावर सगळे तिथंच टेकायचे. कोळसा भरणाऱ्या बाया, त्यांची तान्ही लेकरं, दिव्यांची खोली, तेलाची पिंपं, सगळं एका छपराखाली. त्यातच बिडीवाले भकाभका धूर सोडायचे. लेकरं खोकायची, बाया शिव्या द्यायच्या. एकदा तेलाच्या चिंध्यांनी पेट घेतला तेव्हा साहेबाला जाग आली. त्यानं पडवीच्या एका टोकाला फळ्यांची खोली ठोकून घेतली. आत बाकं, वर धूर जायला टिनाचं नळकांडं, समोर मोठी काच. बिडी प्यायची तर आत जाऊन, नाहीतर नाही. काचेतून आतले लोक बरणीतल्या लोणच्यासारखे दिसायचे. बाया फार हसल्या पहिल्या दिवशी.

खाणीत खाली तर काडी न्यायचीसुद्धा मनाई. खाली वायू असतो, एक ठिणगी पुरते. म्हणून उतरताना प्रत्येकानं आपला बिडीचा कट्टा अन् माचीस धूरकोठीच्या बाहेरच्या भिंतीतल्या कप्प्यात ठेवायची. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. वर आला की पहिला हात कट्ट्यावर. आठ तास बिडीवाचून काढलेला माणूस, त्याला बायकोआधी बिडी आठवणार! मग झालं असं, की गळ्यातले नंबराचे बिल्ले कोण मोजत बसतो, सगळे कप्प्यांकडंच बघायला लागले. कप्पे रिकामे म्हणजे माणसं वर. झडती घ्यायचं अन् कप्पे सांभाळायचं काम कमरुद्दीनकडं होतं. पाळी सुटली की तो कप्प्यांवरून नजर फिरवायचा अन् इंजिन चालवणाऱ्या झाडू नावाच्या गड्याला हाक द्यायचा, "खाली कोनी नाई!" मग झाडू डोली वर ओढून इंजिन थांबवायचा. डोली म्हणजे विहिरीतून माणसं खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा.

आता मला सांगा, जो बिडी पीतच नाही, त्याचा कप्पा कोणता?

नाही ना सुचत? त्यांनाही नाही सुचलं. असे होतेच किती म्हणा. एक कमरुद्दीनचा पोरगा मन्सूर. बापाचा खोकला ऐकत लहानाचा मोठा झाला, बिडीला त्यानं कधी बोट लावलं नाही. दुसरा जंगू, धानोऱ्याकडचा गोंड. त्याला धुरानं मळमळायचं. तो काचेच्या आत कधीच गेला नाही. कमरुद्दीन अन् तो बाहेरच्या बाकावर बसायचे, एकाला खोकला, दुसऱ्याला मुळातच बोलायची सवय नाही. जंगू कधीमधी भाजलेली मोहाची फुलं पुढं करायचा. एवढीच त्यांची दोस्ती.

छप्पनच्या पावसाळ्यात, पाळी सुटायच्या सुमाराला, खाली खाणीतल्या शेवटच्या गल्लीचं छत बसलं. माणसं पटापट वर आली. कप्पे रिकामे झाले. कमरुद्दीननं नजर फिरवली अन् हाक दिली. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाला विटांची भिंत घालून टाकली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, जंगू दिसत नाही. हाजरीबाबू गुणवंतराव म्हणाला, "गोंड मानूस तो. मन उचटलं, गेला आपल्या जंगलात. कप्पे त रिकामे होते ना?" झालं. कंपनीच्या दप्तरात जंगू पळून गेला.

महिन्याभरानं त्याची बायको सुकरी आली, धानोऱ्याहून पायी अन् गाडीनं मजल मारत. कोणीतरी तिला कमरुद्दीनकडं पाठवलं.

"भाऊ, तो वर आला का?"

"कप्पे रिकामे होते, बाई."

"तो बिडी पेतच नवता."

 कमरुद्दीन तसाच गुणवंतरावाकडं गेला, म्हणाला भिंत फोडा. गुणवंतराव म्हणाला, "आता फोडून काय भेटते? तुही नौकरी जाईन, माही बी जाईन." कमरुद्दीन परत आला. सुकरीनं दोन्ही हात पुढं केले. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"ह्या फोडू का ठेवू, येवढंच सांग भाऊ."

 ती जमेल तेव्हा यायची, हेच विचारायची, अन् तो मान खाली घालायचा. त्या वर्षभरात तो म्हातारा झाला. थकला. खोकल्यानं नाही, त्या एका प्रश्नानं थकला. एक मात्र तो करायला लागला. मन्सूर खाली उतरताना अन् वर येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. त्याशिवाय हाक द्यायचा नाही.

तर करीच्या दिवशी तो वरोऱ्याहून संध्याकाळच्या पॅसेंजरनं उतरला. दोन फळ्यांच्या मधी तणीस, तणसात काच, वरून पाऊस. त्याला वाटलं, मन्सूरची पाळी सकाळची, तो घरी निजला असेल. घरावरून गेला असता तर जरीनानं, त्याच्या बायकोनं, सांगितलं असतं की पोरगा घरी नाही. पण काच जड, छाती भरून आलेली. तो सरळ खाणीवर गेला.

काय झालं होतं ते तुम्हाला सांगून ठेवतो, त्याला ठाऊक नव्हतं. दुपारच्या पाळीला इतवारी नावाचा गडी होता. करीची इतकी ढोसली होती की पाय जमिनीला लागत नव्हते. मन्सूरला कीव आली. त्यानं इतवारीचा बिल्ला आपल्या गळ्यात घातला अन् त्याच्या जागी उतरला. झडतीला त्या दिवशी गुणवंतराव होता. तोही थोडा घेतलेलाच. त्यानं बिल्ला पाहिला, तोंड पाहिलं नाही.

म्हणजे पोरगा खाली. कप्पा नाही. बिल्ला दुसऱ्याचा. अन् बाप वर काच बसवतोय.

रात्र झाली होती. पाळी सुटायला अवकाश होता. पडवीत इतवारी घोरत पडला होता, बाकी कोणी नाही. कमरुद्दीननं कंदील खिळ्याला टांगला. काच चौकटीत बसवली, कडेनं लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लगदा, भरली. मग फडकं घेऊन बाहेरून पुसायला लागला. पुसता पुसता थांबला.

आत कोणीतरी बसलं होतं.

त्याला वाटलं, वर काही कामाला आलेला गडी असेल.

"कोन आहे? इथी काय करून राह्यला?"



माणूस मान खाली घालून बसला होता. उघडा. गुडघे जवळ घेतलेले, हात गुडघ्यांच्या मधी. केसांतून पाणी गळत होतं. फळीवर. एक थेंब... मग एक थेंब. बाहेरचा पाऊस केव्हाच थांबला होता.

ते बसणं कमरुद्दीनच्या ओळखीचं होतं. बाहेरच्या बाकावर शेजारी बसून पाहिलेलं.

"जंगू..."

त्यानं मान वर केली नाही.

जो जन्मात कधी त्या खोलीत गेला नाही, तो आत बसला होता. अन् कमरुद्दीन बाहेर. मधी नवी काच.

"माह्या नावाचा कट्टा ठेव, भाऊ."

"तू... तू त पेत नाईस."

 फक्त थेंब.

"ठेव. नाई त तुमाले वाटते, खाली कोनी नाई."

कमरुद्दीनला खोकल्याची उबळ आली. डोळे मिटले. उघडले तेव्हा बाक रिकामं होतं. दाराची कडी बाहेरून लागलेली होती, ती त्यानंच लावली होती. तो कंदील घेऊन कप्प्यांपाशी गेला. का गेला, त्याला सांगता येत नसे. सगळ्यांत शेवटचा कप्पा, जो कोणालाच दिलेला नव्हता... त्यात एक कट्टा होता.

त्यानं हात लावला. ओला. बर्फासारखा गार. बोटाला काळं पाणी लागलं.

तेवढ्यात डोली मागवायची घंटी खालून वाजायला लागली. थांबेच ना.

गेल्या वर्षी जी भिंत घातली होती, तीच फुटली होती. तिच्यामागं वर्षभर पाणी साचलेलं. झाडूनं इंजिन सुरू केलं. एक डोली आली, दुसरी आली. माणसं काळी, भिजलेली, बोबडी वळलेली. कोणी रडत होतं. तरी प्रत्येकाचा हात सवयीनं कप्प्यात गेला, कट्टा घेऊन बाहेर आला. कप्पे रिकामे होत गेले. गुणवंतराव बिल्ले घेत होता.

"एक इतवारीचा नाई... पन इतवारी त हा पडला!" त्यानं इतवारीला पायानं ढोसलं. "झाले सारे. खाली कोनी नाई. झाडू, ओढ डोली अन् बंद कर. विहिरीचा काठ धसून राह्यला, पळा!"

कमरुद्दीन मधी उभा राहिला.

"एक जन खाली आहे."

"कोन?"

 त्यानं शेवटच्या कप्प्याकडं बोट केलं.

"इसरला असंन कोनी," गुणवंतराव ओरडला.

"आठ घंटे खाली राहून बिडी कोन इसरते, भाऊ?"

 प्रत्येकानं आपल्या हातातल्या कट्ट्याकडं पाहिलं. असा माणूस त्या खाणीत नव्हता, अन् हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पायाखाली माती सरकल्याचा आवाज आला. दोघं-तिघं पळाले.

कमरुद्दीननं झाडूचा हात धरला. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"मांगच्या साली म्या हाक देली. आज नाई देत. सोड डोली खाली."

झाडूनं सोडली.

थांबले.

खाली पाण्याचा आवाज. नुसता पाण्याचा.

थांबले...

घंटी वाजली. एकदा.

झाडूनं ओढली. डोली वर आली. आत एक जण उभा होता, गळ्यात इतवारीचा बिल्ला. कंदील वर केला तेव्हा कमरुद्दीनला तोंड दिसलं. तो तिथंच चिखलात बसला. परक्याच्या कट्ट्यासाठी भांडत होता अन् वर आलं त्याचं स्वतःचं लेकरू. पोरांनो, मलाही लेकरं आहेत.

मन्सूर बापाला बिलगला. दात वाजत होते.

"अब्बा, और एक है नीचे."

मन्सूरचा दिवा विझला होता. कमरेइतकं पाणी, अंधार. पुढं कोणीतरी चालत होतं, पाण्यात पाय वाजत होते. 'बाबू, इकून ये' म्हणायचं अन् पुन्हा चालायचं. तो त्या आवाजामागं आला. डोलीपाशी तो माणूस म्हणाला, 'तू बस. मी मांगून येतो.'

"घंटी तू वाजोली?" झाडूनं विचारलं.

"नाई. त्यानं वाजोली असंन. माहा हात पुरत नवता."

कोणी कोणाकडं पाहिलं नाही.  झाडूनं न सांगता डोली पुन्हा खाली सोडली.

काठाची एक वीट सुटली. पाण्यात पडल्याचा आवाज आला, फार लवकर आला. पाणी चढत होतं.

थांबले.

घंटी.

झाडू ओढायला लागला. इंजिन कण्हलं.

"वजन आहे," तो पुटपुटला. "भरली आहे डोली."

दोर वर येत होता. हळू... हळू...

डोली वर आली.

कमरुद्दीननं कंदील धरला. दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. तळातून काळं पाणी गळत होतं.

...

कमरुद्दीन वळला. भिंतीला धरून धरून कप्प्यांपाशी गेला. शेवटच्या कप्प्यात हात घातला. फिरवला. कप्पा रिकामा होता.

कट्टा ज्याचा, त्यानं नेला होता.

मग त्यानं हाक दिली. आवाज फुटत नव्हता, तरी दिली. "खाली कोनी नाई." अन् सगळे पळाले. उजाडेपर्यंत विहीर काठोकाठ भरली होती. तो खड्डा कंपनीनं पुन्हा काढला नाही. पडवीचं धूरकोठीकडचं टोक काठापासून लांब होतं म्हणून वाचलं. तिथल्या भंगाराची राखण कमरुद्दीनलाच दिली. मन्सूरला त्यानं खाणीचं तोंड पुन्हा पाहू दिलं नाही, चांद्याला एका शिंप्याकडं बसवलं.

सुकरी हिवाळाभर आली नाही, तिला ताप धरला होता म्हणे. आली ती वैशाखात, तेंदूपत्त्याचं काम आटोपून. बांगड्या तशाच होत्या. कमरुद्दीन तिची वाटच पाहत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याजवळ उत्तर होतं.

"भाऊ, तो वर आला का?"

"आला, बाई."

ती रडली नाही. 

"मंग घरी काऊन नाई आला?"

 कमरुद्दीन उठला अन् तिला धूरकोठीत घेऊन गेला. त्या रात्री जिथं जंगू बसला होता, त्या बाकाची ती एक फळी. तेव्हापासून ओली. कमरुद्दीननं कितीदा पुसली, राख टाकली, उन्हात नेऊन ठेवली. चांद्याचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, टिनाला हात लागला तर फोड येतो. बाजूच्या फळ्या उन्हानं तडकल्या होत्या. ती एक ओली. मीही पाहिली होती. मला वाटलं, छप्पर गळत असेल. वैशाखात कुठलं छप्पर गळतं!

सुकरी त्या फळीशेजारी बसली. तळहात ठेवला. किती तरी वेळ. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. मग तिनं पदरानं फळी पुसली, नीट, कडेपर्यंत. पाहिलं. पाणी पुन्हा वर आलं होतं.

"सारवल्या घरात ओल्या पायानं नाई येत तो," ती म्हणाली. "मीच रागवत होती ना त्याले."

कमरुद्दीन दारात उभा होता. त्याला खोकलासुद्धा आला नाही.

"सुकू द्या त्याले, भाऊ. सुकला का येईन."

तिनं बांगड्या मनगटावर मागं सारल्या, गाठोडं उचललं अन् टेशनाच्या वाटेला लागली. पुन्हा विचारायला ती कधी आली नाही. धानोऱ्याकडचे लोक सांगत, सांजेला अंगण सारवून झालं की ती दाराबाहेर एक कोरडं फडकं ठेवते.

पुढं कमरुद्दीन वारला. पडवीचे टिन लोकांनी नेले, काचही नेली. मी माजरी सोडली तेव्हा फळ्यांचा नुसता सांगाडा उरला होता. ते बाक मात्र कोणी नेलं नव्हतं. जेठाचे दिवस होते, दुपारची वेळ. गाडीला वेळ होता म्हणून मी तिकडून गेलो. आत गेलो. वाकून त्या फळीला हात लावला...

ओली होती.